परदेशी जोडीदाराला नाशिकला आणताय? व्हिसाच्या या चुका टाळा

लग्नाआधी आमच्या घरात जेवणाच्या मेनूवर तीन बैठका झाल्या, व्हिसावर एकही नाही. बायको फिलिपिन्सची. मांडे ठेवायचे की पुरणपोळी, लॉन गंगापूर रोडचं घ्यायचं की घराजवळचं, यावर काका-मामा हिरीरीने बोलले. ती कोणत्या व्हिसावर येणार, असं आईने एकदा विचारलं, तेव्हा "ई-व्हिसा आहे ना, चार दिवसांत येतो" असं म्हणून मी मोकळा झालो. त्या चार दिवसांच्या सोयीपायी पुढे आमचं जवळजवळ वर्ष गेलं. नंतर ओळखीतली पाच-सहा जोडपी कागद घेऊन माझ्याकडे आली. प्रत्येकाचा देश वेगळा, पण गाडी अडली होती त्याच त्या चार-पाच ठिकाणी.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. भारताचा 'पार्टनर व्हिसा' किंवा 'वाग्दत्त वधूचा व्हिसा' असा काही प्रकारच नाही. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा. त्यातला एक्स-२ हा उपप्रकार. त्यासाठी लग्न झालेलं आणि कागदावर असलेलं लागतं. लिव्ह-इनमधल्या जोडीदाराला हा रस्ता नाही. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नकार दिला, त्यामुळे त्या जोडप्यांनाही नाही. नेपाळ-भूतानच्या नागरिकांना व्हिसाच लागत नाही. त्यांनी हा लेख सोडून सरळ मेनूकडे वळावं.

३० दिवसांचा व्हिसा, ३० दिवसांची नोटीस

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. धर्म वेगळे असले किंवा एकजण परदेशी असला, की नोंदणी पद्धतीचं लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली होतं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सही. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागतं. ती अट नाशिककर जोडीदारामुळे आपोआप भागते.

आता हिशेब बघा. ती रविवारी मुंबईला उतरली, रात्री कसारा घाट चढून घरी. सोमवारी पाहुणे. मंगळवारी कार्यालयात गेलो तर एक कागद कमी. नोटीस पडली चौथ्या दिवशी. मुदत संपणार चौतिसाव्या दिवशी, आणि व्हिसा तिसाव्या दिवशी खलास. ई-व्हिसा वाढवून मिळत नाही, भारतात बसून दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. ती परत गेली. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीसही बाद होते, म्हणून पुन्हा तिकीट, पुन्हा व्हिसा, आणि शेवटी आमच्या सह्या झाल्या त्या मुदतीला आठवडा उरला असताना. लॉनवाल्याने अॅडव्हान्स परत केला नाही, ते वेगळंच.

लग्न इथे करणार असाल तर पर्यटक व्हिसा घ्या, पण एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. त्यावर बहुतेक देशांच्या नागरिकांना एका वेळी सलग ९० दिवस राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८०. तीस दिवसांच्या ई-व्हिसावर छापलेली शेवटची तारीखही फसवी असते. ती भारतात शिरण्याची शेवटची तारीख. राहायचे ३० दिवस पहिल्यांदा उतरल्यापासून मोजतात. आणि अर्ज भरताना संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इन असाच संपतोय ना, हे बघा. सरकारी वाटावीत अशी दुकानं बरीच आहेत, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

"गुरुजींनी लावलंय की लग्न!"

गुरुजींनी लावलं, मंगलाष्टकं झाली, फोटो आले, सगळं खरं. पण हिंदू विवाह कायद्याखाली लग्न वैध ठरायला दोन्ही पक्ष हिंदू लागतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००८ सालच्या एका निकालात हेच सांगितलंय. बायको कॅथलिक आणि हातात फक्त कार्यालयाची पावती व गुरुजींची सही असेल, तर व्हिसाच्या खिडकीवर तुम्ही दोघं अविवाहित.

लग्न परदेशात कायदेशीर नोंदणीने झालं असेल, तर इथे पुन्हा 'कायदेशीर लग्न' करायची घाई करू नका. त्या देशाच्या प्रमाणपत्रावर त्याच देशात अपॉस्टिल करून घ्या. अपॉस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार कागद खरा असल्याचा शिक्का. भारतात तो २००५ पासून चालतो. चूक होते ती ही, की प्रमाणपत्र तसंच बॅगेत टाकून आणतात आणि दिल्ली-मुंबईत शिक्का मिळेल असं समजतात. नाही मिळत. ज्या देशाचा कागद, त्याच देशाचा शिक्का. कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतरही जोडा.

लग्न इथे होणार असेल तर परदेशी जोडीदार अविवाहित असल्याचा दाखला लागतो. फिलिपिन्समध्ये त्याला 'सेनोमार' म्हणतात. नाव विचारून ठेवा, प्रत्येक देशात वेगळं असतं. आमचा त्या मंगळवारी कमी पडलेला कागद हाच.

ताटातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आमचा अर्ज भरून देणाऱ्याने सवयीने तिच्या आईचं आडनाव उडवलं, मधे माझं नाव टाकलं, शेवटी आमचं आडनाव. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की मी वाचलंच नाही. पासपोर्टवर एक बाई, विवाह प्रमाणपत्रावर दुसरीच. त्यात आत्याने हौसेने तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहायला लावलं होतं आणि पत्रिकेवर तेच छापलं होतं. पत्रिकाही पुरावा म्हणून जोडायची म्हटल्यावर एकाच बाईची तीन नावं झाली.

ताटात हवं ते नाव लिहा, हौसेला मोल नाही. पण सरकारी अर्जात पासपोर्टावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवा, त्याच क्रमाने. इंग्रजी स्पेलिंग एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पासपोर्टावर बोट ठेवून तपासायचं. सही करण्याआधी दुरुस्ती दोन मिनिटांची असते. आम्ही नंतर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडून बघितलं, ते चाललं नाही. शेवटी मूळ प्रमाणपत्रच दुरुस्त करून घ्यावं लागलं, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

पर्यटक व्हिसावर संसार

पर्यटक व्हिसावर नातेवाइकांना भेटायला येणं पूर्ण नियमात बसतं. सासर बघायला, वणीला जाऊन यायला, लग्नाला यायला खुशाल या. पण ९० दिवस राहायचं, बाहेर एक चक्कर मारायची, परत ९० दिवस, असा संसार कोणी मांडू नये. तो व्हिसा राहण्यासाठी नाही, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पासपोर्टावरचे शिक्के मोजता येतात. अर्जात जोडीदाराचं नागरिकत्व विचारतात, तिथे 'भारतीय' लिहायला घाबरून कोणी खोटं लिहितं. ते खोटं पुढच्या प्रत्येक अर्जात आडवं येतं.

नाशिककरांसाठी खास सूचना: ई-व्हिसा कॅन्टोन्मेंट भागासाठी वैध नसतो, तसं त्याच्या अटींतच लिहिलेलं असतं. तुमचे नातेवाईक देवळाली कॅम्पला असतील तर त्यांनाच घरी जेवायला बोलवा.

आमचा सरळ रस्ता असा ठरला: नोंदणी झाली, ती मनिलाला परत गेली, तिथल्या भारतीय दूतावासात विवाह प्रमाणपत्र आणि माझ्या पासपोर्टची प्रत लावून एक्स-२ साठी अर्ज केला. मला सुरुवातीला हा उलटा हेलपाटा वाटायचा. आज कोणी विचारलं तर मी हाच आधी सांगतो. गंमत म्हणजे व्हिसाचे स्टिकर छापले जातात आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. घरापासून रिक्षाच्या अंतरावर छापलेला कागद मनिलाहून चिकटवून आणला आम्ही.

एक्स व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी किंवा धंदा करता येत नाही. "इथे आल्यावर बघेल काहीतरी" हे वाक्य इथे चालत नाही. नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा वेगळा, आणि त्याला काही अपवाद सोडता वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे.

उतरल्यानंतरचे पहिले १४ दिवस

व्हिसा मिळाला की माणसं सैल पडतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. स्टिकरवर त्याबद्दल काय छापलंय ते वाचा. 'प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नको' अशी ओळ असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो, पत्त्याची चौकशी स्थानिक पोलिसांकडून.

इथे सगळे अडकतात ते पत्त्याच्या पुराव्यावर. आमचं लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर होतं, आणि आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरपट्टीही त्यांच्याच नावाची. चौदातले सहा दिवस माझं आणि आजोबांचं नातं सिद्ध करण्यात गेले. अर्ज दोनदा परत आला. एकदा फोटो अस्पष्ट म्हणून, एकदा कारणच लिहिलं नव्हतं. तक्रार करून उपयोग नसतो, तिसऱ्यांदा भरायचा.

आणखी एक गोष्ट जवळपास कोणालाच माहीत नसते. परदेशी व्यक्ती घरी मुक्कामाला आली की घरमालकाने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. इतकी वर्षं लोक ज्याला सी-फॉर्म म्हणत आले तो. हे फक्त हॉटेलांसाठी नाही, सासऱ्यांनाही लागू आहे.

ओसीआय: घाई, उशीर आणि गैरसमज

ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड मिळालं की व्हिसाची कटकट संपते, नोकरीही करता येते. जोडीदार म्हणून ते मिळायला लग्न नोंदवलेलं आणि अर्जाआधी सलग किमान दोन वर्षं टिकलेलं लागतं. म्हणजे नोंदणी जितकी लांबवाल तितकं कार्ड लांबतं. माझ्या एका मित्राचं लग्न चार वर्षांपूर्वीचं, नोंदणी मात्र सहा महिन्यांपूर्वीची. तो चार वर्षांच्या अल्बमवर विसंबून बसला होता.

भारतात राहून अर्ज करायचा तर पर्यटक व्हिसा चालत नाही, आणि सलग सहा महिने इथे वास्तव्य लागतं. शुल्क भारतात १५,००० रुपये. जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षा चौकशी असते, त्यामुळे परतीची तिकिटं त्या भरवशावर काढू नका. ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते, त्यांना ओसीआय मिळत नाही.

नाशिकमध्ये सर्रास दिसणारी चूक मात्र वेगळी. मुलगी अमेरिकेची नागरिक, पण आई-वडील पुण्याचे. लग्न ठरलं की सगळे 'जोडीदार' म्हणून दोन वर्षं मोजायला लागतात. अहो, तिला भारतीय वंशाच्या आधारावर ओसीआय आजच मागता येतं! शिवाय जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं. वंशाच्या आधारावरचं त्या कारणाने जात नाही. लग्नघरात हे बोलायला कोणाला आवडत नाही, पण मुलीच्या वडिलांनी तरी विचारावं.

आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. दिंडोरीकडे सुनेच्या नावावर द्राक्षबाग घ्यायचा बेत असेल तर तो बाजूला ठेवा. भारतीयाशी लग्न झालेल्याला नागरिकत्वाचा अर्ज करायला सात वर्षं भारतात वास्तव्य लागतं, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने जुना पासपोर्ट सोडावा लागतो.

मुदत उलटली असेल तर

"चार दिवसांनी काय होतंय" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकविषयक कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट याहून मोठी. भारतात जन्मलेल्या बाळाचा एक पालक भारतीय असला, तरी दुसरा त्या वेळी बेकायदा राहत असेल तर बाळाला जन्माने भारतीय नागरिकत्व मिळत नाही. मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदाच धरली जाते. दिवस गेले म्हणून प्रवास नको, प्रवास नको म्हणून व्हिसाकडे दुर्लक्ष, असं करणारी घरं असतात. डॉक्टरांच्या तारखेशेजारी व्हिसाची तारीखही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

मुदत उलटलीच असेल तर थेट विमानतळ गाठू नका. ई-एफआरआरओ पोर्टलवर आधी अर्ज करून बाहेर जाण्याची परवानगी घ्या. मध्येच पासपोर्ट नवा आला किंवा पत्ता बदलला तर तेही कळवा. आणि लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, तर जोडीदाराचं तिकीट काढायच्या आधी ते नाव बदलायला टाका.