विजेच्या आणि कालव्यांच्या जाळ्यांवर नियंत्रण ठेवताना या चुका टाळा

प्रत्येक ठिकाण सुधारले की जाळे आपोआप सुधारेल, असे समजणे

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांमध्ये पुष्कळ पंपांना ऑटोस्विच, म्हणजे लाइट येताच पंप आपोआप सुरू करणारे साधन, लावलेले असते. रात्रीच्या पाळीत लाइट आली तरी अंधारात मळ्यात जावे लागत नाही, ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र पुरवठा परतताच एका डीपीवरचे (रोहित्रावरचे) सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि थेट सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट करंट खेचत असल्यामुळे व्होल्टेज कोसळते, मोटारी अडकतात, फ्यूज उडतात, प्रसंगी डीपीच जळते. त्यावर मोठी डीपी मागण्याआधी प्रत्येक पंपाच्या सुरुवातीत काही सेकंदांचे वेगवेगळे अंतर ठेवणारा टायमर बसवावा आणि व्होल्टेज टिकवायला मदत करणारे कपॅसिटर चालू आहेत ना, हे तपासावे.

सर्वांत मोठा नाका हाती आला की सगळे आले, असे मानणे

इटारसी, नागपूर, मुंबई आणि सुरत या दिशांचे रेल्वेमार्ग भुसावळला मिळतात, म्हणून तेथून सर्व काही हलवता येईल असे वाटते. पण एका ठिकाणाहून निघालेला एकच आदेश सर्व फाट्यांवर पोहोचतो. त्यांना वेगवेगळे वागवायचे असेल, तर स्वतंत्र आदेश द्यावे लागतात. लिऊ, स्लोटिन आणि बाराबाशी या संशोधकांनी २०११ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवले की, नियंत्रणासाठी लागणारे चालक बिंदू, म्हणजे ज्यांना बाहेरून थेट आदेश द्यावा लागतो ते बिंदू, बहुधा सर्वाधिक जोडण्यांचे नसतात. हा निष्कर्ष रेषीय (परिणाम कारणाच्या प्रमाणातच बदलतो असे धरणाऱ्या) प्रतिमानाचा आहे आणि प्रत्येक बिंदूची स्वतःची गती हिशेबात घेतली की चालक बिंदूंची संख्या बदलते. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा उचलू नये.

कागदावर शक्य ते प्रत्यक्षात परवडेल, असे धरणे

मला ही चूक सर्वांत घातक वाटते. काल्मन यांची गणिती कसोटी फक्त ‘नियंत्रण शक्य आहे की नाही’ एवढेच सांगते, किती जोर लागेल ते सांगत नाही. चालक बिंदू फार कमी असतील, तर लागणारी ऊर्जा अफाट वाढते आणि संगणकावरील आकडेमोडही फसते, हे सन आणि मॉटर या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. किती जोर लागेल ते ग्रामियन मॅट्रिक्स या गणिती कोष्टकावरून कळते; त्याचे सर्वांत लहान आयगेनमूल्य (सर्वांत अवघड दिशेचे माप) शून्याजवळ आले, तर जोर वाढवू नये, नियंत्रणाच्या जागा वाढवाव्यात.

उशीर विसरणे

कालव्याचे गेट उघडल्यावर शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोहोचायला कित्येक तास लागतात. तेवढा धीर न धरता गेट आणखी उघडले, तर पुढे चारी फुटते. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फड या जुन्या सिंचन पद्धतीत एका फडात (शेतांच्या गटात) एकच पीक घेत आणि पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा माणूस, पाळीने पाणी देत. त्यामुळे घ्यायचे निर्णयच कमी होत. नवी योजना आखणाऱ्यांनी ही बाब आवर्जून अभ्यासावी.

संरक्षक साधने स्वतंत्रपणे तपासणे

३० जुलै २०१२ रोजी बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी बिघाड नसताना केवळ जास्त भारामुळे रिलेने (बिघाड ओळखून वाहिनी तोडणाऱ्या साधनाने) तोडली, तिचा भार इतर वाहिन्यांवर सरकला आणि उत्तर भारताची ग्रीड कोसळली. म्हणून रिलेची सेटिंग ठरवताना शेजारची वाहिनी बंद असतानाचा भारही धरावा आणि जाळ्यात नवी जोडणी झाली की ती सेटिंग पुन्हा तपासावी.