के ३१ घेताय? मेअखेरीच्या आधी एवढं उरका

स्वित्झर्लंडमध्ये के ३१ ही स्विस लष्कराची जुनी रायफल घ्यायची ठरली की माणूस आधी बंदूक बघायला धावतो. मी म्हणेन, आधी कागद. तुमच्याकडे सी परवाना, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना असेल, आपल्या पासपोर्टवर साधारण दहा वर्षं इथे काढून झाली की तो मिळतो, तर हाताने बोल्ट ओढायच्या या रायफलीला वेगळा खरेदी-परवाना लागत नाही. विकणारा आणि घेणारा यांच्यात लेखी करार करायचा, त्याची प्रत ३० दिवसांत कँटनच्या (म्हणजे आपल्या प्रांताच्या) शस्त्र कार्यालयाकडे पाठवायची आणि आपली प्रत दहा वर्षं जपायची. बी, म्हणजे मुदतीच्या वास्तव्य परवान्यावर असाल तर मात्र आधी खरेदी-परवान्याचा अर्ज. गुन्हेगारी नोंदीचा ताजा उतारा मागवूनच ठेवा. माझा उतारा यायच्या आधीच मी शब्द देऊन बसलो होतो, आणि विकणारे आजोबा तीन आठवडे मला रोज जिन्यात भेटत होते.

मग बंदूक. या कार्बाइन्स १९३३ ते १९५८ या काळात बर्नच्या सरकारी कारखान्यात बनल्या, पाच लाखांहून जास्त. त्यामुळे पहिलीच दिसली ती घ्यायची घाई नको. चेंबरजवळचा (काडतूस बसतं त्या खोबणीजवळचा) नंबर आणि बोल्टवरचा, मॅगझिनवरचा नंबर जुळतो का ते पाहा. नंबरापाशी ‘पी’ असा छाप असेल तर ती लष्कराने शिपायाला सेवा संपल्यावर कायमची देऊन टाकलेली. नळीत उजेड धरून आत बघा, पिळदार खाचा स्वच्छ चमकल्या पाहिजेत. दस्त्याचं लाकूड सुरुवातीच्या बंदुकांना अक्रोडाचं, नंतरच्यांना बीचचं. खालच्या टोकाला ते हमखास ठेचलेलं असतं. त्याने घाबरून जाऊ नका. दोन-तीन हिवाळे चिखलात आणि बर्फात उभी राहिलेली बंदूक अशीच दिसते. पॉलिश करून गुळगुळीत केलेल्या दस्त्याचाच मला जास्त संशय येतो.

आता स्क्रूड्रायव्हर काढा, पण खाचेत नीट बसणारा, नाहीतर स्क्रूचं तोंड खराब होतं. दस्त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीचे दोन स्क्रू सोडवा. पट्टीखाली बऱ्याचदा घडी घातलेला एक छोटा कागद निघतो : शिपायाचं नाव, जन्मसाल, तुकडी, गावाचा पत्ता. माझ्या बंदुकीतला कागद तेल पिऊन तपकिरी झाला होता आणि घडीवर फाटायला आला होता. मी त्याचा फोटो काढला, तसाच परत ठेवला आणि पट्टी बसवली. नाव शोधत कुणाच्या दारात जाऊ नका. बरेच जण जातात, मला ते रुचत नाही.

बोल्टची सवय घरीच करा, रिकाम्या बंदुकीवर, दार लावून, चेंबर दोनदा बघून. एनसीसीच्या कॅम्पात आपण .२२ डीलक्स झाडलेली असते, तिथे दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. इथे उचलणं-पाडणं नाहीच. दांडी सरळ मागे, सरळ पुढे, आतला बोल्ट स्वतःच फिरतो. ऐकायला सोपं, पण हात भीत-भीत चालला की बोल्ट अर्धवट राहतो. मागे ओढताना पूर्ण ओढायचं आणि पुढे ठामपणे ढकलायचं. शिवाय पोटावर पडून गाल दस्त्याला चिकटवलेला असतो, तेव्हा बोल्टच्या मागची कडी थेट तोंडाशी येते. मैदानावर पहिल्याच दिवशी ती माझ्या चष्म्याला टक् करून लागली, शेजारच्या मॅटवरच्या बाई हसू दाबत होत्या. दर गोळीनंतर मान किती मागे घ्यायची, ते घरीच ठरवून टाका.

दारूगोळ्याचं फार डोकं चालवू नका. जीपी ११ हेच काडतूस, ७.५ बाय ५५ मिलिमीटर, गोळी ११.३ ग्रॅमची. मॅगझिनमध्ये सहा बसतात. नेमबाजी क्लबातून घेतलेली काडतुसं तिथेच झाडायची, उरली तर परत द्यायची, घरी साठा करायचा नाही. पुंगळ्या मात्र मोजून गोळा करा, त्या मॅटखाली लोळत जातात.

साफसफाई नेमबाजीच्या आदल्या रात्री नको, आदल्या आठवड्यात करा. नळीत सळई घालून चिंधी फिरवा, आणि शेवटची चिंधी कोरडी. तेल तसंच राहिलं तर पहिली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. बोल्टला ग्रीस बोटावर येईल इतकंच, जास्त लावलं की थंडीत तेच घट्ट होतं.

हे सगळं मेअखेरीच्या आधी का, तर तेव्हा फेल्डशीसन नावाची नेमबाजी असते. देशभर, गावोगावच्या ३०० मीटरच्या मैदानांवर, फुकट. सभासद असायला लागत नाही, काडतुसंही तिथेच मिळतात. एकूण १८ गोळ्या : आधी सहा सुट्या, मग मिनिटाची वेळ लावून तीन-तीन दोनदा, शेवटी मिनिटात सहा. लक्ष्य म्हणजे माणसाच्या धडाची आकृती, एका गोळीला जास्तीत जास्त चार गुण, म्हणजे सगळे मिळून ७२. अडचण अशी की नेम जुळवायला आधीच्या गोळ्या मिळत नाहीत. म्हणून एप्रिलच्या एखाद्या सरावाच्या संध्याकाळी क्लबात जाऊन साइट ३००वर लावा, पाच-पाच गोळ्यांचे गट पाडा आणि ते डावी-उजवीकडे सरकत असतील तर पुढची साइट हलवायला तिथल्या माणसाला सांगा. ते काम हातोडीने स्वतः करू नका.

निघायच्या दिवशी : चेंबर रिकामा, मॅगझिन रिकामं, काडतुसं वेगळ्या पिशवीत. मैदानावर जाताना ट्रेनने बंदूक नेता येते, पण वाटेत कॉफीला, खरेदीला थांबायचं नाही. कानात बोळे, त्यावर इअरमफ. जीपी ११ चा आवाज छताखाली फार लागतो. कोपरांना जाड कापड. एक पेन, कारण गुणपत्रिकेवर सही लागते आणि तिथलं पेन चालत नाही.

शेवटची गोळी झाली की स्क्रीनकडे बघत बसू नका. ‘एंटलाडेकोंट्रोले’ अशी हाक येते, म्हणजे बंदूक रिकामी झाल्याची तपासणी. बोल्ट मागे, मॅगझिन बाहेर, चेंबर दाखवायला मागे कुणीतरी उभा असतोच. त्याने मान हलवली की मगच उठायचं.