ऑटिस्टिक आहात, एकटे राहता? मदत शोधताना या चुका टाळा

नोकरी चालू आहे, खोलीचं भाडं वेळेवर जातं. तरीही सिंकमध्ये भांडी साठलेली, विजेचं बिल थकलेलं आणि घरून आलेला फोन उचलायचंही त्राण नाही, अशी वेळ एकट्या राहणाऱ्या अनेक ऑटिस्टिक (मेंदूची जडणघडण जन्मतःच वेगळी असलेल्या) माणसांवर येते. मग नातेवाईक म्हणतात, "झेपत नसेल तर घरी ये." पण बहुतेक वेळा घर सोडायची गरज नसते. नेमकी कुठली मदत, कोणाकडून घ्यायची हे ठरवलेलं नसतं, म्हणून गाडी अडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "मला मदत हवी आहे" एवढंच सांगणं. ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळत नाही आणि तो चार उपदेश करून मोकळा होतो. आधी काम कुठे अडतं ते शोधा. समजा, स्वयंपाक होत नाही. काय करायचं हेच ठरत नसेल तर आठवड्याचा ठरलेला बेत भिंतीवर लावा. मंडईतला गोंगाट सोसत नसेल तर भाजी घरपोच मागवा. फोडणीच्या वासाने डोकं उठत असेल तर सरळ डबा लावा. आणि भूक लागल्याचंच वेळेत कळत नसेल तर मोबाइलला गजर लावा. भूक, तहान, दुखणं या शरीराच्या खुणा उशिरा किंवा पुसट कळणं अनेक ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आढळतं. त्याला कोणी आळस म्हणत असेल तर ते चूक आहे.

दोन आठवडे फक्त एवढंच टिपून ठेवा: कुठलं काम, कुठल्या पायरीवर थांबलं. मग मागणी नेमकी करता येते. "दर रविवारी अकरा वाजता वीस मिनिटं व्हिडिओ कॉलवर बसशील का? तेवढ्यात मी बिलं भरते." याला मैत्रीण सहज हो म्हणते.

दुसरी चूक, सगळा भार एकाच माणसावर टाकणं. बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे आई. ती आजारी पडली की तिच्यासोबत तुमची औषधं, बँक, डॉक्टर सगळंच थांबतं. खोलीची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे, कागदपत्रांच्या प्रती भावाकडे, दवाखान्यात सोबतीला मैत्रीण अशी वाटणी करा. परवडत असेल तर साफसफाईला ताई ठेवा. पैसे देऊन घेतलेली मदत नात्यातल्या मदतीपेक्षा कितीदा तरी सोपी जाते, कारण तिथे काम आणि वेळ ठरलेली असते. कुठल्या वस्तू हलवायच्या नाहीत, बेल वाजवायची की आधी मेसेज करायचा, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून सांगा.

तज्ज्ञ शोधतानाही फसगत होते. आपल्याकडे ऑटिझमच्या बहुतेक सेवा लहान मुलांसाठी उभ्या आहेत. नोकरी करणाऱ्या तिशीतल्या माणसासमोर रंगीत ठोकळे ठेवले जात असतील तर ती जागा तुमची नव्हे. वेळ घेण्यापूर्वीच मेसेज करून विचारा: प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींसोबत काम करता का? माझ्याशी थेट बोलणार की पालकांशी? पहिल्या भेटीला अडचणी एका पानावर लिहून न्या, ऐनवेळी शब्द सुचले नाहीत तरी चालेल.

"शिक्का बसेल" म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र टाळू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला की तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. नोकरीतल्या आरक्षणासह अनेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीत लहानपणाबद्दल विचारतात, म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं, जुने रिपोर्ट आत्ताच शोधून ठेवा. सरकारी रुग्णालयातली गर्दी आणि रांग कठीण जाते, तेव्हा कोणाला तरी सोबत न्याच. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजनाही पाहा. त्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, थेरपीचा खर्चही बसतो. मात्र तिचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं आणि ते विसरणं ही नेहमीची चूक आहे.

आता घरच्यांशी थोडं बोलायचं आहे. मूल १८ वर्षांचं झालं की बँकेतलं किंवा ओळखीचं कोणीतरी सांगतं, "कायदेशीर पालकत्व करून घ्या" (म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार), आणि अर्ज लगेच भरला जातो. थांबा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीने आधी दोन गोष्टी पाहायच्या असतात: अशा कायदेशीर पालकाची खरंच गरज आहे का, आणि कुठल्या कामासाठी. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ तर दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देतं. कलम १४ मधलं मर्यादित पालकत्वही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसारच चालायचं असतं. जो माणूस स्वतः पगार कमावतो, घर चालवतो, त्याचा सही करण्याचा हक्क काढून घेणं हा अन्याय आहे, मग त्यामागे कितीही माया असो. व्यवहार समजावून सांगायला कोणी सोबत बसलं, तर बऱ्याचदा तेवढं पुरतं. आणि ज्याचा त्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध आहे, त्याने तिथे मदतनीस होऊ नये, हेही याच कलम १३ मध्ये आहे. वडिलोपार्जित घराच्या वाटणीत भावानेच "मी समजावतो" म्हणणं यात बसत नाही. मदतीची व्यवस्था बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्कही त्या दिव्यांग व्यक्तीचाच.

ऑफिसातही मोघम बोलू नका. "जरा समजून घ्या" यापेक्षा "कामाच्या सूचना तोंडी न देता मेलवर द्या, आणि हेडफोन लावायची परवानगी द्या" हे मान्य होण्याची शक्यता जास्त.

शेवटची चूक जिवावर बेतू शकते: पूर्ण कोसळेपर्यंत वाट पाहणं. दीर्घकाळचा थकवा, येत असलेली कामं जमेनाशी होणं आणि आवाज-उजेड पूर्वीपेक्षा असह्य होणं, ही ऑटिस्टिक बर्नआउटची लक्षणं आहेत. "चार लोकांत मिसळ, बरं वाटेल" हा सल्ला अशा वेळी उलटू शकतो. कामं कमी करणं आणि शांतता ही पहिली गरज असते. सोबत नैराश्यही असू शकतं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा. जगू नये असं वाटू लागलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कोणत्याही वेळी फोन करता येतो. फोनवर बोलणं जमत नसेल तर तुमच्या वतीने कोण बोलेल, हे आजच ठरवा आणि त्या व्यक्तीला सांगून ठेवा.

एक पान तयार करून पाकिटात आणि मोबाइलमध्ये ठेवा: मी ऑटिस्टिक आहे, ताण वाढला की मला बोलता येत नाही, हात धरू नका, शांत जागी बसू द्या, या नंबरवर कळवा. मराठीत लिहा आणि हिंदीतही, म्हणजे वॉचमन, रिक्षावाले, पोलीस कोणालाही वाचता येईल. खाली रक्तगट, चालू औषधं आणि ॲलर्जी लिहा. औषध बदललं की पानही बदला.