पुस्तकातला आकडा बरोबर, पण इंकस्केपमध्ये आकृती उलट्या टोकाला

लक्षण: पुस्तक इंकस्केपच्या (चित्रं काढायचा प्रोग्रॅम) ०.९२ आवृत्तीचं, संगणकावर १.२. चौकोनाला वाय (उभं अंतर) ३० मिमी दिला की तो पानाच्या तळाशी न बसता वर जातो. वैताग येतो.

चित्र उभं फ्लिप केलं तर अक्षरंही उलटतात. पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही.

कारण: १.० पासून (२०२०) अंतर मोजायचं शून्य पानाच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात आहे, पूर्वी डाव्या-खालच्या कोपऱ्यात होतं.

उपाय: शिफ्ट+कंट्रोल+पी, मग ‘इंटरफेस’. तिथे ‘ओरिजिन अ‍ॅट अपर लेफ्ट’ची टिक काढा. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. त्याशिवाय बदल लागू होत नाही.

सेटिंग बदलायचं नसेल तर ए४ वर (पानाची उंची २९७ मिमी) नवा वाय = २९७ − जुना वाय − आकृतीची उंची. जुना वाय ३० आणि उंची ४० असेल तर २२७. उंची वजा करायची राहतेच बहुतेकांची.