कर्करोगासाठी अमेरिकी माजी सैनिकांचा भरपाईचा दावा : या चुका टाळा

इराक आणि अफगाणिस्तानातील अमेरिकी तळांवर प्लास्टिक, रंग, वैद्यकीय कचरा असे सारे काही उघड्या खड्ड्यांत जाळले जात असे. त्या धुरात वावरलेल्या सैनिकांपैकी कोणाला पुढे कर्करोग झाला, तर तो सेवेमुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार १० ऑगस्ट २०२२ रोजी मंजूर झालेल्या पॅक्ट कायद्याने बराच हलका केला. ठरावीक प्रदेशात ठरावीक काळात सेवा झालेली असेल आणि कर्करोग सरकारने ठरवलेल्या यादीतील असेल, तर दोहोंमधील संबंध व्हीए, म्हणजे माजी सैनिक कल्याण विभाग, गृहीत धरतो. मात्र दावा आपणहून दाखल करावाच लागतो आणि बहुतेक नुकसान नेमके इथेच होते.

सगळे कागद जमेपर्यंत थांबणे ही सर्वांत महाग चूक आहे. भरपाई सर्वसाधारणपणे दावा पोहोचल्याच्या तारखेपासून मिळते, निदानाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून निदान होताच २१-०९६६ क्रमांकाचा ‘दावा करण्याचा इरादा’ कळवणारा अर्ज आधी द्यावा. त्यामुळे ती तारीख राखली जाते आणि पूर्ण दावा करण्यासाठी एक वर्ष मिळते. केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाकडून कागदपत्रांची धावपळ होत नाही, हे ओळखून घरच्यांनीच हे काम हाती घ्यावे. धुराच्या संपर्काची नोंदवही किंवा रुग्णालयातील विषारी संपर्काची चाचणी यांत नाव असले, तरी तो दावा ठरत नाही.

पूर्वी आलेला नकार अंतिम मानणे ही दुसरी चूक. कायदा बदलला म्हणून जुनी प्रकरणे आपोआप मंजूर होत नाहीत. त्यासाठी पूरक दावा करावा लागतो. यादीही वाढत असते. आखाती युद्धातील आणि २००१ नंतरच्या मोहिमांतील सैनिकांसाठी रक्ताचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) आणि मूत्राशयाचा कर्करोग जानेवारी २०२५ मध्ये यादीत आले, त्यामुळे त्याआधी नाकारला गेलेला दावा आज टिकू शकतो. एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या व्हिएतनाम युद्धकाळातील सैनिकांची यादी वेगळी आहे, हेही लक्षात ठेवावे. कॅम्प लेज्यून या अमेरिकेतील मरीन तळावरील दूषित पाण्याबाबत न्यायालयीन दाव्याची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली असली, तरी व्हीएकडील भरपाईचा मार्ग खुलाच आहे.

वैद्यकीय कागदांत कर्करोगाचे मूळ ठिकाण स्पष्ट नसणे ही वरवर लहान दिसणारी, पण दावा बुडवणारी त्रुटी आहे. यादीत नसलेल्या अवयवातून फुफ्फुसात पसरलेला कर्करोग हा गृहीतकासाठी फुफ्फुसाचा कर्करोग धरला जात नाही. म्हणून पॅथॉलॉजी अहवाल जोडावाच. कर्करोग यादीत नसला तरी मार्ग बंद होत नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे, असे डॉक्टरांचे सकारण मत तिथे लागते.

भरपाईची रक्कम ज्यावर ठरते ते अपंगत्व उपचार सुरू असताना १०० टक्के मानले जाते. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी फेरतपासणी होते आणि पुढील टक्केवारी उरलेल्या त्रासांवर ठरते. ‘आता बरे आहे’ एवढेच सांगून परतणाऱ्या धीराच्या माणसांचे इथे फार नुकसान होते. हातापायांची बधिरता, लघवीवरील ताबा सुटणे, धाप लागणे हे सारे तपासणीत न संकोचता सांगावे. तपासणीची तारीख चुकवू नये. अडचण असल्यास आधी कळवून ती बदलून घ्यावी.

पहिल्या दाव्यासाठी शुल्क मागणाऱ्या सल्लागारांना दूर ठेवावे. माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात. दावा प्रलंबित असताना सैनिकाचे निधन झाल्यास पत्नीला किंवा अन्य पात्र वारसाला एका वर्षाच्या आत त्यांच्या जागी उभे राहून तो पुढे चालवता येतो. वारसांना मिळणाऱ्या मासिक भरपाईसाठी मात्र वेगळा अर्ज लागतो, तोही त्याच वर्षात द्यावा.