मृगाआधी पिकअपला मडफ्लॅप: माप भरल्या गाडीचं घ्या

मृग लागतो ७-८ जूनला आणि इंदूरवर खरा पाऊस बहुधा त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी उतरतो. एवढ्या दिवसांत पिकअपची जी कामं उरकायची, त्यांत मी मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे टांगलेला चिखल-खडे अडवणारा पडदा, सगळ्यांत वर ठेवतो. कारण सांगतो. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे घाट उतरताना आमच्या मागच्या चाकातून खडा उडाला आणि मागून येणाऱ्या एका मुलाच्या हेल्मेटच्या काचेवर बसला. काच तडकली, डोळा वाचला. डावीकडचा मडफ्लॅप तुटून तेव्हा महिना झाला होता आणि मी आज लावू, उद्या लावू करत होतो. तो मुलगा रस्त्याच्या कडेला हात थरथरत उभा होता, ते मला अजून दिसतं.

दुकानात जाण्याआधी टायरवरचा नंबर वाचून कागदावर उतरवा. २१५/७५ आर १५ असं असेल तर पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. म्हणजे जवळपास साडेआठ इंच. ७.०० लिहिलं असेल तर ती रुंदी इंचात आहे. मडफ्लॅप टायरच्या दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर यायला हवा, म्हणून साडेआठच्या टायरला साडेदहा इंच धरा.

लांबीचं माप मात्र रिकाम्या गाडीवर घेऊ नका. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. माल भरला की पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतात, आमच्या गाडीचं मागचं टोक तीन-चार इंच खाली बसतं. रिकाम्या गाडीला शोभेल असा मडफ्लॅप भरल्या गाडीत जमिनीला घासतो, गतिरोधकावर अडकतो आणि पहिल्याच पावसात बोल्टापाशी फाटतो. मी चोइथराम मंडीत लसणाच्या गोण्या उतरवण्याआधी, सपाट जागा बघून टेप लावतो. मडफ्लॅप जिथे टांगायचा तिथपासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्यातून ७ इंच वजा करायचे. गाडी रिकामी झाल्यावर तो आखूड दिसेल, दिसू द्या.

टायर आणि मडफ्लॅप यांच्यात अंतर किती, हे रस्त्यावर ठरतं. आपल्या माळव्याची काळी माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. अंतर कमी ठेवलं तर चिखल मध्ये ठासून बसतो, टायर त्यावर घासतं आणि मडफ्लॅप मागे ढकलला जातो. शिवाय रिव्हर्स घेताना टायरने त्याची खालची कड धरली की तो मुळासकट उपटतो. मंडीच्या चढावर आमचा एक तसाच गेला. म्हणून शेतातून माल उचलणाऱ्यांनी मागच्या चाकामागे निदान चार बोटं, जमलं तर वीतभर जागा ठेवावी. पण मडफ्लॅप जितका मागे जाईल तितके खडे त्याच्या खालून निसटतात, तेव्हा उगाच लांबही नेऊ नका.

माल निवडताना प्लॅस्टिकचा पुढच्या चाकांना चालेल, तिथे कंपनीचेच तयार मिळतात आणि जुन्याच भोकांत बसतात. मागे रबर घ्या, आतून कापडाचा थर असलेला, ५-६ मिलिमीटर जाडीचा. दुकानात दोन्ही हातांनी दुमडून बघा: घडीवर पांढऱ्या भेगा दिसल्या तर ठेवून द्या. ट्रान्सपोर्ट नगरात जुन्या कन्व्हेअर बेल्टचे कापूनही देतात. ते फाटत नाहीत, पण वजनाला भारी आणि ताठ असतात. त्यांना पिकअपच्या पातळ पत्र्यावर टांगू नका, अँगल लागेल.

सामानात प्रत्येक मडफ्लॅपला तीन-चार ८ मिलिमीटरचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), मोठे वायसर आणि रबराच्या रुंदीइतकी लोखंडी पट्टी आणा. ही पट्टी विसरू नका. नुसत्या वायसरवर रबर टांगलं की सगळा ताण भोकांवर येतो; पट्टीखाली दाबलं की तो रुंदीभर पसरतो. बरोबर १३ नंबरचे दोन पाने, ड्रिल, कानस, प्रायमरचा छोटा डबा आणि चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे.

लावायच्या दिवशी आधी गाडीचं पोट धुऊन घ्या, नाहीतर काय कुठे आहे ते दिसत नाही. हँडब्रेक, पहिला गिअर, ठोकळे. मडफ्लॅप शिकंज्याने जागेवर धरून एकदा लांबून बघा: टेललाइट झाकला जात नाही ना, स्टेपनी खाली उतरते ना, सायलेन्सरचं तोंड रबरावर येत नाही ना. भोक हौद्याखालच्या आडव्या अँगलला पाडा, चेसीला कधीही नाही. ड्रिल चालवण्याआधी पत्र्याच्या मागे हात घालून ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी आणि वायरिंग चाचपा. उस्ताद घाईत असला तरी हे स्वतः करा. आधी बारीक बिट, मग मोठं. कड कानसून प्रायमर लावा, तो वाळल्यावरच बोल्ट घाला. नाहीतर दोन पावसाळ्यांत त्याच भोकातून गंज पसरतो.

पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा, टायर कुठेच टेकता कामा नये. मग माल भरून एक फेरी मारा आणि परत येऊन मडफ्लॅपच्या आतल्या बाजूला टायर घासल्याची काळी रेघ आहे का ते पाहा. आठवड्याने नट पुन्हा आवळा, कारण रबर दाबून बसतं आणि पकड सैल होते. पावसाळाभर शेतातून डांबरी रस्त्यावर चढण्याआधी उतरून काठीने आतला चिखल पाडायचा. ती काठी आणि दोन जादा बोल्ट आमच्या सीटमागे कायम असतात.