गुणपत्रिकेत एका विषयापुढे रेघ आली तर

निकाल मोबाईलवर उघडतो. पाच विषयांपुढे आकडे असतात आणि सहाव्यापुढे नुसती रेघ. "सरांनी मुद्दाम नापास केलं" हा पहिला समज आणि तो बहुतेक वेळा चुकीचा. नापास करायलाही आकडा भरावा लागतो. रेघ म्हणजे तुमचा आकडा वर्गातून विद्यापीठाच्या संगणकापर्यंत जाताना वाटेत कुठेतरी अडकला. म्हणून सरांना गाठण्याआधी तो कुठे अडकला असेल याचा अंदाज गुणपत्रिकेवरूनच बांधायचा.

प्रत्येक विषयाचे रकाने वेगवेगळे वाचा. लेखी गुण आलेत आणि अंतर्गत गुणांचा रकाना रिकामा आहे, तर घोळ बहुधा कॉलेजातच आहे, कारण चाचणी, गृहपाठ, सेमिनार यांचे गुण कॉलेजच भरतं. प्रात्यक्षिकाचा रकाना रिकामा असेल तर बॅचची भानगड तपासा. ठरलेली बॅच सोडून दुसऱ्या दिवशी परीक्षा दिली असेल, तर नाव एका यादीत आणि गुण दुसऱ्या यादीत राहतात. लेखी पेपर देऊनही गैरहजर दाखवलं असेल, तर परीक्षा केंद्राची कागदपत्रं बघावी लागतील. आणि एकच विषय नाही, सगळा निकालच राखून ठेवला असेल, तर गुणांचा प्रश्नच नसतो. पात्रतेची कागदपत्रं, थकलेली फी किंवा आधीच्या सत्राचा अडकलेला निकाल यांपैकी काहीतरी निघतं. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलेल्यांचं स्थलांतर प्रमाणपत्र तर हमखास कुणाच्या तरी कपाटात पडलेलं असतं. रेघ, शून्य आणि गैरहजेरीची खूण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गुणपत्रिकेवर संकेतांचा खुलासा छापलेला असतो, तो आधी वाचा.

दुसरा प्रश्न, निकाल कोणाचा? छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची कॉलेजं १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. पण इथली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि वैद्यकीय, नर्सिंगचा कारभार नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून चालतो. बाबासाहेबांच्या नावाची दोन विद्यापीठं असल्यामुळे अर्ज भलत्याच पत्त्यावर जाऊ शकतो. कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा आणि निकाल त्याचेच असतात; तिथे सगळं काम कॉलेजच्याच परीक्षा विभागात होतं, विद्यापीठात खेटे घालून उपयोग नाही.

आता सरांना किंवा मॅडमना भेटायचं. आधी एक निरोप पाठवा. "सर माझे मार्क नाही आले" एवढ्यावर कोणालाच काही करता येत नाही. सरांच्या वर्गात शंभर पोरं असतात आणि त्यांतली चार सोनालीच असतात. निरोप असा असावा (पीआरएन म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक):

"नमस्कार सर. मी बी.एस्सी. द्वितीय वर्ष, सत्र ३ ची विद्यार्थिनी. हजेरी क्रमांक, आसन क्रमांक आणि पीआरएन खाली दिले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या पेपरचे अंतर्गत गुण निकालात दिसत नाहीत, लेखी गुण आले आहेत. दोन्ही चाचण्यांना मी हजर होते आणि गृहपाठ दिला आहे. निकालाची प्रत सोबत जोडली आहे. आपल्या सोयीची वेळ कळवल्यास कॉलेजात येऊन भेटते."

रात्री अकराला पाठवू नका आणि फोनवर फोनही करू नका. दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन भेटा.

तिथे पहिलं वाक्य महत्त्वाचं. "माझे मार्क का दिले नाहीत?" असं विचारलं की सर स्वतःचा बचाव करायला लागतात. त्याऐवजी म्हणा, "सर, पाठवलेल्या यादीत माझं नाव आहे का, तेवढं बघता का?" सरांकडे साधारण तीन गोष्टी असतात. गुणांची वही, ऑनलाइन गुण भरल्यावर काढलेली सहीची यादी आणि चाचणीचे तपासलेले पेपर. त्यांतली सहीची यादी तुमच्या कामाची. ती उघडली की तीनपैकी एक चित्र दिसतं.

पहिलं, यादीत नाव आहे आणि गुणही आहेत. मग सरांचं काम झालेलं आहे. एकतर ती यादी पोर्टलवर शेवटचं 'सबमिट' न दाबता राहिली, नाहीतर पुढे विद्यापीठात निकाल तयार करताना गळली. अर्धवट जतन केलेली यादी कॉलेजच्या पडद्यावर भरलेली दिसते, पण विद्यापीठाकडे पोचत नाही, म्हणून सरही छातीठोकपणे सांगतात की मी भरलेत. त्या यादीची एक प्रत मागून घ्या.

दुसरं, नाव आहे आणि गुणांची जागा कोरी आहे. ही भरताना झालेली चूक. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची, तुकडी बदललेल्यांची आणि पुन्हा परीक्षेला बसलेल्यांची नावं यादीच्या तळाशी असतात, तिथेच नजर चुकते. पुन्हा बसणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवतं. मागच्या वेळचे अंतर्गत गुण पुढे ओढून घ्यायचे असतात आणि ते ओढलेच जात नाहीत. अशा वेळी जुनी गुणपत्रिका जोडली की काम हलकं होतं.

तिसरं, यादीत नावच नाही. मग चूक सरांची नाही, परीक्षा अर्जातली आहे. ऐच्छिक विषयाचा कोड चुकला, किंवा जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला नव्या अभ्यासक्रमाचा कोड लागला. दोन कोडमध्ये एखाद्याच अंकाचा फरक असतो आणि अर्ज भरणारा सायबर कॅफेवाला गर्दीत पहिला दिसेल तो निवडतो. तुमच्या परीक्षा अर्जाची प्रिंट, हॉल तिकीट आणि निकाल हे तीन कागद शेजारी ठेवून कोडचा एकेक अंक बोटाने जुळवा.

ज्यांनी शिकवलं ते तासिका तत्त्वावरचे असतील आणि सत्र संपल्यावर निघून गेले असतील तर त्यांच्या गावापर्यंत जाऊ नका. मराठवाड्यातल्या कॉलेजांत असे प्राध्यापक भरपूर आहेत. विभागप्रमुखांकडे जा. गुणांची यादी विभागाकडे असायला हवी. नसेल तर विभागप्रमुखच त्या प्राध्यापकांना फोन करतील. त्यांच्या फोनला उत्तर मिळतं, तुमच्या मिळेलच असं नाही.

एक गोष्ट चुकूनही करू नका. राहिलेले गुण भरताना "सर, दोन-चार वाढवून टाका" म्हणू नका. दुरुस्तीच्या पत्रासोबत मूळ यादीची प्रत जाते. वहीतला आकडा एक आणि पत्रातला दुसरा असला तर अख्खं प्रकरण बाजूला पडतं आणि सरांवर खुलासा द्यायची पाळी येते. पुढाऱ्याच्या माणसाकडून फोन करवणंही त्यातलंच. फोन आला की जे सर सहज मदत करणार होते, तेही "नियमाप्रमाणे बघू" वर येतात.

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. प्राचार्यांच्या नावे, विभागप्रमुखांमार्फत. एक पान पुरे:

"विषय: सत्र ३ च्या निकालात अंतर्गत गुण न दिसण्याबाबत.
महोदय, मी आपल्या महाविद्यालयात बी.एस्सी. द्वितीय वर्षात शिकत आहे. हिवाळी परीक्षेच्या निकालात खालील विषयाचे अंतर्गत गुण नोंदलेले नाहीत. [विषयाचे नाव, विषय कोड, आसन क्रमांक, पीआरएन.] संबंधित प्राध्यापकांच्या यादीत माझे गुण नोंदलेले आहेत. तरी सदर गुण परीक्षा विभागाकडे पाठवून माझा निकाल दुरुस्त करून मिळावा, ही विनंती.
सोबत: निकालाची प्रत, हॉल तिकीट, परीक्षा अर्जाची प्रत, गुणयादीची प्रत."

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. क्लार्क म्हणेल, "ठेव इथं, साहेबांना देतो." नम्रपणे म्हणायचं, "तेवढी पोच देता का?" आवक क्रमांक नसलेला अर्ज कुणी नाकारतही नाही आणि कुणाला सापडतही नाही.

पुढे कॉलेज अग्रेषण पत्र, म्हणजे तुमचा अर्ज विद्यापीठाकडे पाठवण्याचं पत्र, तयार करतं. त्यासोबत तुमचा अर्ज, प्राध्यापकांचा खुलासा, गुणयादीची साक्षांकित प्रत आणि लागल्यास हजेरीपट जातो. त्यावर प्राचार्यांची सही होऊन ते विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे जातं. पत्र निघालं की जावक क्रमांक मागून घ्या. इथेच सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. उशिरा गुण पाठवल्याबद्दल कॉलेजला दंड लागू शकतो, त्यामुळे एका पोराच्या पत्रासाठी घाई करण्यापेक्षा आणखी दोन-चार जण येईपर्यंत थांबायची सवय असते. वर्गात आणखी कुणाच्या पुढे रेघ आहे का ते आधीच विचारा. पाच जणांचा एकत्र अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा लवकर हलतो.

लेखी पेपरात गैरहजर दाखवलं असेल तर वाट वेगळी. परीक्षेच्या वेळी वर्गात फिरवलेला सहीचा कागद आठवा. आसन क्रमांकासमोर उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहायचा आणि पुढे सही करायची. सही एक ओळ खाली सरकली की तुम्ही गैरहजर आणि शेजारचा, जो आलाच नव्हता, तो हजर. उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांकाचा एक अंक चुकीचा पडला किंवा त्या क्रमांकाचे गोल नीट काळे झाले नाहीत, तर पेपर तपासलेला असतो, पण बेवारस पडून राहतो. त्यासाठी परीक्षा केंद्राकडून त्या दिवसाच्या हजेरीपटाची साक्षांकित प्रत आणि केंद्रप्रमुखांचं पत्र लागतं. केंद्र दुसऱ्या कॉलेजात असेल तर तुमच्या कॉलेजने त्यांना लिहायचं असतं. उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत निघतात, म्हणून पुढच्या सत्राची वाट बघत बसू नका.

आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरून पैसे घालवू नका. पुनर्मूल्यांकन असतं मिळालेले गुण कमी वाटले तर. न आलेल्या अंतर्गत गुणांवर त्याचा काही परिणाम होत नाही. लेखी पेपरात अनपेक्षित शून्य असेल तर मात्र उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. पुरवणी जोडलेली आहे का, मुखपृष्ठावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का, ते तिथे दिसतं. त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोडी असते.

दरम्यान पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख आली तर? तो विषय बॅकलॉग म्हणून दिसत असेल तर अर्ज भरून ठेवा. दुरुस्ती झाली तर फार तर फी वाया जाईल. दुरुस्ती लांबली आणि अर्जही नाही भरला तर सहा महिने जातात.

पत्र गेल्यावर पंधरा दिवसांनी चौकशी करा. किनवट किंवा आष्टीहून विद्यापीठ गाठायचं म्हणजे येण्याजाण्यात दिवस मोडतो, म्हणून आधी फोन करून आपल्या शाखेचा टेबल कोणता ते विचारा आणि जावक क्रमांक सांगा. दिवाळीची सुट्टी किंवा १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन मध्ये येत नाही ना, तेही बघून निघा. गेटबाहेर "शंभर टक्के काम करून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला ओरिजिनल मार्कशीट किंवा ओटीपी देऊ नका. या दुरुस्तीला अग्रेषण पत्र लागतं आणि ते फक्त कॉलेज देतं.

महिना उलटला आणि काहीच हललं नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. माहिती अधिकाराचा अर्जही उपयोगी पडतो, पण प्रश्न नेमका हवा. "माझ्या गुणांचं काय झालं?" असं विचारू नका. "अमुक आसन क्रमांकाच्या अमुक विषयाच्या अंतर्गत गुणांच्या यादीची प्रत आणि अमुक जावक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी" असं लिहा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठाने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो, हेही तक्रारीत एका ओळीत लिहायला हरकत नाही.

दुरुस्ती झाली की नुसता रकाना बघून थांबू नका, एसजीपीए, म्हणजे त्या सत्राच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, स्वतः मोजा. समजा सत्राला २२ क्रेडिट आहेत आणि अडकलेला विषय ४ क्रेडिटचा आहे. बाकी १८ क्रेडिटांचे मिळून १३५ गुणांक (क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट) आहेत. तो विषय शून्य धरला तर १३५ भागिले २२, म्हणजे ६.१४. त्यात ८ ग्रेड पॉइंट मिळाले तर ४ गुणिले ८ असे ३२ वाढून १६७ होतात, आणि एसजीपीए ७.५९ यायला हवा. गुण भरले जातात आणि एसजीपीए जुनाच राहतो, असंही घडतं. मग डिजिलॉकरमध्ये आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन) खात्यात त्या विषयाचे क्रेडिट जमा झालेत का ते बघा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणासाठी जुनी गुणपत्रिका टाकली असेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला नवी दाखवा. आणि नवी छापील गुणपत्रिका घेताना जुनी परत द्यावी लागते. देण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून पोचेच्या कागदांसोबत ठेवा.